ब्रेड मशीनमधला घरचा पांढरा ब्रेड – तुमचेही अनुभव लिहा

काल बेसमेंट आवरताना जुनं ब्रेड मशीन हाताला लागलं, सोबतच्या पुस्तिकेत आईच्या अक्षरातली चिठ्ठी. ९७ साली आई न्यू जर्सीला सहा महिने आली होती, इथला दुकानातला ब्रेड तिला गोडसर आणि कापसासारखा वाटायचा. मग ती रोज रात्री मशीन लावायची आणि कुकरच्या शिट्टीकडे लक्ष ठेवावं तसं त्याच्या बीपकडे कान लावून बसायची. चिठ्ठीत लिहिलंय, "पाणी १ कप + २ मोठे चमचे, ब्रेडचं पीठ ३ कप, दूध पावडर, साखर, लोणी प्रत्येकी २ मोठे चमचे, मीठ दीड लहान, यीस्ट २ लहान. यीस्ट सगळ्यात वर, पिठात खळगा करून. पाणी लागू देऊ नये." आई जाऊन चार वर्षं झाली. तुमच्याकडे कोण करायचं, कसं करायचं, लिहा ना.

— ताई, वाचून गलबलून आलं. माझं पुण्यातलं सांगते, आपल्या साध्या मैद्याने पहिले तीन लोफ मधोमध खचले कारण त्यात ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, कमी असतं, आता कपाला एक लहान चमचा ग्लूटेन पावडर घालते आणि पावसाळ्यात पाणी दोन चमचे कमी. मळणं सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून गोळा बघायचाच, पोळीच्या कणकेपेक्षा सैल, बोटाला जरासा चिकटणारा हवा. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

— ग्लूटेन पावडर कुठे मिळाली ते सांगा ना

— आमचं मशीन भावाने अमेरिकेतून आणलं, तिकडची वीज १२० व्होल्ट, आमच्या नाशिकच्या घरात २३० वर लावलं आणि एका मिनिटात धूर. आईने मैदा चाळून ठेवला होता, त्याच्या शंकरपाळ्या केल्या. भाऊ रात्रभर जेवला नाही. कुणी आणणार असाल तर २३० चं १२० करणारा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या, तोही मशीनच्या वॅटपेक्षा मोठा.

— अरेरे, भावाचं वाईट वाटलं. एवढ्या लांबून उचलून आणायचं आणि असं व्हायचं

— ओसाकाला पाच वर्षं होतो. मात्सुशिताने म्हणजे आताच्या पॅनासॉनिकने १९८७ मध्ये घरगुती मशीन बाजारात आणलं ना, त्याआधी मळणं काही केल्या जमत नव्हतं. मग त्यांच्या कंपनीतल्या इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य ब्रेडवाल्यांकडे शिकायला गेल्या, तो माणूस कणीक नुसती ताणत नाही तर पिळतो सुद्धा हे त्यांनी हेरलं, आणि तो पीळ यावा म्हणून भांड्याच्या आत उभ्या कडा दिल्या. मळणाऱ्याच्या हातात काय असतं ते त्यालाही सांगता येत नाही, ताईंच्या आईंचंही तसंच असणार.

— किती छान माहिती दादा. माझी आजी भाकरीचं पीठ मळताना असंच, विचारलं तर म्हणायची हाताला कळतं

— मशीनचं मळायचं पातं लोफमध्ये अडकून खाली भोक पडतं त्याचं काय करता? मी शेवटचं मळणं झालं की ओल्या हाताने पातं काढून घेते, गोळा परत ठेवते. आणि गरम कापू नका, तासभर तरी जाळीवर राहू दे, नाहीतर आत गिच्च लागतो

— आमचे सासरे गरमच मागतात वर मस्का, ८१ वर्षांचे आहेत, कोण नाही म्हणणार

— वसईला लहानपणी सकाळी सायकलवर पाववाला यायचा, त्याच्या पावाला जो कडकपणा होता तो मशीनमध्ये येत नाही हो. पण मुलीला डब्याला मऊ स्लाइस लागतात, त्याला हाच बरा.

— टायमर लावून झोपणार असाल तर ताजं दूध घालू नका, रात्रभर बाहेर नासतं. दूध पावडरच बरी, ताईंच्या आईंनी तीच लिहिलीय बघा

— ताई तुमच्या मशीनचा रबरी पट्टा बघा आधी, इतकी वर्षं पडून असेल तर चिरला असेल. यीस्ट पण नवीन आणा, कोमट पाण्यात साखर घालून दहा मिनिटं ठेवा, फेस आला तर जिवंत

— सगळ्यांचे खूप आभार, एकेक वाचत बसलेय. पट्टा शाबूत निघाला. आज आईच्या मापाने लावलाय, शेवटचा तास आहे, वास जिन्यापर्यंत आलाय, लेक वरून विचारतोय आजी असताना यायचा तोच का