मदत हवी आहे : वयाने मोठ्या सहकाऱ्यांना काम कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी,

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं ऑफिस आहे. पंपांचे सुटे भाग बनवणारी छोटी कंपनी, नाव नको. मी अकाउंट्सला. एप्रिलपासून शेठनी मला इनचार्ज केलं. पगार थोडा वाढला, टेबल-खुर्ची तीच. हाताखाली आता तिघं आहेत. दोन मुलं, नुकती बी.कॉम. झालेली, आणि एक काका.

अडचण काकांची आहे, म्हणजे खरं तर माझीच. मी इथे लागले तेव्हा टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्री कुठे टाकायची, पार्टीला फोनवर गोड बोलून चेक कसा काढून घ्यायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. आता कागदावर मी त्यांची वरिष्ठ. "काका, ते स्टेटमेंट आज लागेल" एवढं म्हणायलासुद्धा जीभ रेटत नाही. मग मीच करून टाकते. बँकेची जुळवणी मी, टीडीएसचं, म्हणजे पैसे देताना कापलेल्या कराचं, चलन मी, शेठना रोजची येणेबाकीची यादी मी. मुलं सहाला बॅग उचलतात, काका साडेसहाला, आणि दिवे घालवून मी निघते. घाटकोपरला मेट्रोतून उतरून ब्रिजवरच्या गर्दीतून फलाटावर जायचं, एखादी गाडी सोडायची, आणि डोंबिवलीत पोचेपर्यंत घरच्यांची जेवणं झालेली असतात.

अकाउंट्सवाल्यांना माहीतच आहे, महिना म्हणजे चार तारखा. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला ३बी (जीएसटी भरण्याचं रिटर्न). एक संपली की दुसरी. मुलांना काही शिकवायचं सकाळी ठरवते आणि दुपारी ते बारगळतं. शेठचे व्हॉट्सअ‍ॅप रात्री दहालाही येतात, "अमुक पार्टीचं काय झालं?"

सवयी सुधारायच्या म्हणून व्हिडिओ पाहिले. सगळे म्हणतात पहाटे पाचला उठा. अहो, मी पाचलाच उठते, डबे असतात. त्यापुढचं कोणी सांगत नाही.

तर सुरुवात कुठून करू? काकांना न दुखवता काम कसं सोपवू, आणि स्वतःला काय शिस्त लावून घेऊ? कृपया "नोकरी बदला" सांगू नका, ऑफिस चांगलं आहे.

निवृत्त हिशोबनीस :

ताई, मी तुमच्या काकांच्या खुर्चीत बसलेला माणूस आहे. फोर्टातल्या एका ऑफिसात माझ्याहून बऱ्याच लहान मुलीला माझ्यावर नेमलं होतं. तिला पद मिळालं याचं वाईट वाटलं, पण ते थोडेच दिवस. जास्त लागलं ते वेगळंच. माझ्याकडचं एकेक काम गुपचूप कमी होत गेलं. कोणी काही बोललं नाही. विचारलं तर, "राहू दे हो, मी करते." तिला वाटायचं ती माझा मान राखतेय, आणि मला वाटायचं मला मोडीत काढलंय. तुमचे काका साडेसहापर्यंत थांबतात ना? कामच नसतं तर माणूस सहाला निघाला असता. तो तुमच्या विचारण्याची वाट बघत असेल, अशी शक्यता धरून चाला.

आता व्यवहाराचं. त्यांना तुकडे देऊ नका, एक अख्खं काम द्या. माझ्या मते पुरवठादारांचा पाठपुरावा द्यावा. कारण असं : आपल्याला मिळणारं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, पोर्टलवरच्या २बी या यादीत दिसतं आणि ते १४ तारखेला तयार होतं. पुरवठादाराने ११ पर्यंत आपलं बिल त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये चढवलं नसेल तर त्या महिन्यात ते आपल्याला दिसणार नाही. बहुतेक ऑफिसांत १४ नंतर धावाधाव सुरू होते, तोवर हातातून वेळ गेलेली असते. फोन करायचे ते ७, ८, ९ तारखेला. आणि "शेटजी, आमचं बिल चढवलंत का?" हे वीस-बावीस वर्षांच्या मुलाने विचारणं आणि तुमच्या काकांनी विचारणं, यात फरक पडतो. पार्ट्या त्यांना आवाजावरून ओळखत असतील.

सांगताना मुलांसमोर सांगू नका, ग्रुपवर तर मुळीच नाही. चहाच्या वेळी बाजूला घ्या. "जमलं तर बघा" असंही म्हणू नका, त्याचा अर्थ नाही बघितलं तरी चालेल. वार आणि वेळ सांगा : "गुरुवारी चारपर्यंत यादी हवी." नेमकं सांगणं म्हणजे उद्धटपणा नाही. उलट आम्हा जुन्या लोकांना तेच बरं वाटतं. आणि शेवटचं, त्यांनी केलेलं काम रात्री बसून परत करू नका. चूक सापडली तर त्यांच्याच टेबलावर न्या.

कटिंग चहा :

वरचा प्रतिसाद छान आहे, पण मला एक खटकतंय. शेठनी ताईंना इनचार्ज केलं, ते काकांना कोणी सांगितलं? छोट्या कंपन्यांत नेहमीचं आहे, मालक एकाला बढती देतो आणि बाकीच्यांना ते पगारपत्रकावरून कळतं. मग काकांनी कोणाचं ऐकायचं? आधी शेठकडून कामाची वाटणी लेखी घ्या, एक पान पुरे. त्यांच्या सहीने चौघांना द्या. त्याशिवाय तुमचा गोडवा किंवा कडकपणा दोन्ही वाया.

आणि काकांचा पगार या वर्षी वाढला का, हेही जरा बघा. तिथे काही घोळ असेल तर तुमच्या बोलण्याने सुटणार नाही, तो शेठचा विषय.

डाउन फास्ट :

थोडक्यात लिहितो, गाडीत उभा आहे.

कॅलेंडरवर ७-११-१५-२० लिहू नका. ५, ९, १३, १८ लिहा आणि त्याच खऱ्या तारखा माना. शेवटच्या दिवशी पोर्टल रांगतं ते सगळ्यांनाच माहीत. टीडीएसचं तर विसरूच नका. कापून वेळेत भरला नाही तर व्याज महिन्याला दीड टक्का, महिन्याचा तुकडा झाला तरी पूर्ण महिना, आणि मोजणी कापल्याच्या तारखेपासून. एक दिवस उशीर आणि दोन महिन्यांचं व्याज, असंही होतं.

ऑफिसात शिरल्यावर पहिला तास मेल-व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका. फोन वाजला तर घ्या, बाकी नाही. त्या तासात दिवसातलं सगळ्यात किचकट काम. मुलांना शिकवायचं असेल तर वेगळा वर्ग नको. तुम्ही जुळवणी करताना एकाला शेजारी बसवा, पुढच्या महिन्यात तो करेल आणि तुम्ही शेजारी बसाल. त्याच्या पायऱ्या त्यालाच वहीत लिहून काढायला सांगा, म्हणजे तो रजेवर गेला तरी दुसऱ्याला चालवता येईल.

पाचला उठण्याबद्दल सहमत. ते व्हिडिओ बनवणाऱ्यांनी एकदा सकाळी डोंबिवलीहून लेडीज डब्यात चढून दाखवावं.

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, ३बी भरून मोकळी झाले.

@कटिंग चहा, तुम्ही बरोबर ओळखलंत. शेठनी पेढे वाटले होते, पण कोणी काय करायचं ते कुठेच नव्हतं. एक पान लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोन ओळी बदलून सही केली. काकांच्या पगाराचं विचारलं तर म्हणाले, "ते मी बघतो." बघू या.

पुरवठादारांचं काम काकांना दिलं. चहाच्या टपरीवर बोलले, ऑफिसात नाही. ते आधी काहीच बोलले नाहीत. मग ड्रॉवरमधून जुनी डायरी काढली, त्यात पार्ट्यांचे नंबर, काही अजून लँडलाइनचे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "यातले दोघं तिमाही रिटर्न भरतात. त्यांना ११ चं सांगून उपयोग नाही. १३ च्या आत आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांसाठी मधल्या महिन्यांत बिलं चढवायची सोय) बिल चढवायला सांगावं लागतं, नाहीतर तिमाही संपेपर्यंत आपण बसतो." हे मला माहीत होतं, पण कोण कोण तिमाहीवाले आहेत त्याची यादी मी कधी केलीच नव्हती. ती त्यांच्या डोक्यात होती. या वेळी २बी बरंच जुळलेलं आलं.

एक्सेल मात्र त्यांना नको आहे. यादी हाताने लिहून देतात आणि एक मुलगा ती चढवतो. मला चालतंय.

पहिल्या तासाचं निम्मंच जमतंय, कारण शेठ साडेदहाला स्वतः टेबलाशी येतात. आणि रात्रीचे मेसेज तसेच आहेत. "रात्री मेसेज करू नका" असं मालकाला सांगायची माझी हिंमत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हेतू वाईट नसतो. त्याचं काय करू?

निवृत्त हिशोबनीस :

शेठ रात्री विचारतात कारण संध्याकाळी त्यांना काही कळलेलं नसतं. जेवून निवांत बसले की आठवतं. तेव्हा मेसेज करू नका म्हणण्यापेक्षा साडेपाचलाच त्यांना पाच ओळी पाठवा : बँकेत शिल्लक किती, आज कोणाचे आले, उद्या कोणाला द्यायचे, कोणाचे थकले आणि त्याला फोन कोणी केला. पाचवी ओळ सूक्ष्म-लघु उद्योगांत मोडणाऱ्या पुरवठादारांची. ज्यांचे पैसे द्यायचे दिवस भरत आलेत त्यांची नावं द्या. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यापुढे गेलं तर तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात धरता येत नाही, पैसे देऊ त्याच वर्षी मिळतो. ही ओळ वाचायला शेठना नक्की आवडेल.

हे तुम्ही लिहू नका. टॅलीतून काढणं मुलांना जमेल, एक आठवडा एकाने, दुसरा आठवडा दुसऱ्याने. पाठवण्याआधी काकांच्या नजरेखालून घाला, थकलेल्यांची ओळ त्यांच्याशिवाय बरोबर होणार नाही.

डाउन फास्ट :

+१. आणि तरी रात्री दहाला मेसेज आलाच तर उत्तर सकाळी गाडीतून द्या, "साहेब, साडेपाचच्या यादीत तिसरी ओळ". मुलुंड येईपर्यंत टाइप होतं.