प्रतिसाद: ‘दोन वर्षांपासून शिकतोय’ स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

या प्रश्नाच्या आधीच्या एका उत्तरात ‘एस्तोय एस्तुदियांदो पोर दोस आन्योस’ असं वाक्य सुचवलंय. ते इंग्रजीवरून बेतलेलं आहे, तसं बोलू नका. इथे इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून विचार केला तर काम फार सोपं होतं. आपण ‘दोन वर्षं झाली, स्पॅनिश शिकतोय’ म्हणतो, म्हणजे क्रियापद वर्तमानकाळातच ठेवतो. स्पॅनिशही तेच करते: ‘आसे दोस आन्योस के एस्तुदियो एस्पान्योल’.

बोलताना मात्र ‘येवार’ (मूळ अर्थ ‘नेणे’) या क्रियापदाची रचना जास्त कानावर पडते: ‘येवो दोस आन्योस एस्तुदियांदो एस्पान्योल’. आधी येवार वर्तमानकाळात, मग कालावधी, मग ‘-आंदो’ किंवा ‘-येंदो’ लावलेलं रूप. नुसतं ‘तीन महिने माद्रिदमध्ये आहे’ म्हणायचं तर ‘एस्तांदो’ (‘असणे’चं रूप) गाळतात: ‘येवो त्रेस मेसेस एन माद्रिद’. नकारात ‘सिन’ (‘शिवाय’) आणि मूळ क्रियापद येतं: ‘येवो उन मेस सिन फुमार’, महिनाभर सिगारेट ओढलेली नाही. भूतकाळात ‘येवाबा’ (येवारचं अपूर्ण भूतकाळाचं रूप) वापरा. ‘येवे’ (पूर्ण भूतकाळाचं रूप) इथे चालत नाही, कारण क्रिया त्या क्षणी चालूच होती.

मराठी माणूस हमखास अडकतो तो ‘पासून’पाशी. आपण ‘२०२० पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ दोन्हीकडे एकच प्रत्यय लावतो. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा क्षण सांगताना ‘देस्दे’, कालावधी सांगताना ‘देस्दे आसे’. ‘देस्दे दोस आन्योस’ चूकच.

आणि ‘के’ नंतरचा काळ जपा. भूतकाळ वापरून ‘आसे दोस आन्योस के एस्तुदिए’ म्हटलं, तर शिकून दोन वर्षं उलटली असा अर्थ होतो.