घोडबंदरला नवीन टू बीएचके, आउटडोअरला जागा एकच, एसी कसे बसवायचे?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी, कासारवडवलीला फ्लॅटचा ताबा मिळालाय, चौदावा मजला. गणपतीच्या आधी राहायला जायचंय म्हणून एसीचं आत्ताच उरकून घेतोय, एकदा फर्निचर आणि पीओपी झालं की भिंतीला हात लावायला बायको देणार नाही.

मास्टर बेडरूम १० बाय १३, दुसरी १० बाय ११ (तिथे आईबाबा), हॉल १० बाय १७ आणि त्यालाच चिकटून उघडं किचन. मास्टर आणि हॉल पश्चिमेला, दुपारी तीननंतर हॉलमध्ये उभं राहवत नाही.

अडचण अशी की बिल्डरने ड्राय बाल्कनीच्या बाहेर एकच कट्टा दिलाय, त्याच्यापुढे लूव्हर्सची जाळी, आणि समोरच्या बाजूला एकही आउटडोअर दिसता कामा नये असा नियम सही करून घेतलाय. कट्ट्यावर दोन मावतील, तिसरं काही मावेलसं वाटत नाही. ऑफिसातला एक जण म्हणतो मल्टी स्प्लिट घे, एक आउटडोअर आणि तीन इनडोअर, मिटला विषय. दुसरा म्हणतो व्हीआरएफ, म्हणजे अख्ख्या इमारती गार करणारी मोठी सेंट्रल सिस्टीम. दुकानदार म्हणतो साहेब तिन्हीकडे दीड टन फाइव्ह स्टार टाका डोळे झाकून. बजेट दीड लाख, फार तर दहावीस हजार वर. बाबांना १८ वर लावल्याशिवाय झोप नाही आणि आईला एसी सोसत नाही, तो प्रश्न मी सोडवू शकत नाही, बाकीचं सांगा.

सुकट_बोंबील

डोळे झाकून घ्यायला त्याचं काय जातंय. आईबाबांच्या खोलीत दीड टन नको, ११० स्क्वेअर फुटाला एक टन भरपूर झाला. आपल्याकडे नुसती गरमी नसते, दमट असतं, आणि खोलीपेक्षा मोठा एसी टाकला की तो पाच मिनिटात थंड करतो आणि कॉम्प्रेसर मंदावतो नाहीतर बंदच होतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार पण अंग चिकट. इन्व्हर्टर असला तरी खाली उतरायला त्यालाही मर्यादा असते. मास्टर पश्चिमेला आहे म्हणून तिथे दीड. हॉलला किचन उघडं असेल तर दीड कमीच पडणार, दोन टनाचा विचार करा, नाहीतर मध्ये सरकता काचेचा दरवाजा टाका, फोडणीचा वासही थांबेल.

स्टारचं म्हणाल तर रात्रभर जिथे चालणार तिथे फाइव्ह, हॉलमध्ये पाहुणे आले की लावणार असाल तर थ्री स्टार चालतो. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तास धरून असतात, म्हणजे रोज आठ तास असे दोनशे दिवस. दीड टनात थ्री आणि फाइव्हमध्ये साधारण दीडशे दोनशे युनिटचा फरक दिसेल, त्याला आपल्या बिलातल्या वरच्या स्लॅबच्या दराने गुणा आणि किमतीतला फरक किती वर्षात वसूल होतो बघा. आणि हो, २०२६ च्या जानेवारीपासून स्टारचे निकष कडक झालेत, त्यामुळे जुन्या स्टॉकचा फाइव्ह स्टार आणि नवा फाइव्ह स्टार एक नव्हेत. लेबलवरचं वर्ष आणि आयएसईईआरचा (विजेच्या मानाने गारवा किती देतो त्याचा) आकडा बघून भाव करा. जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय, कोणी २८ चं कोटेशन दाखवलं तर दुकानातून बाहेर पडा.

खाडीकाठची

मी नेरूळला, सिडकोची जुनी बिल्डिंग. आमच्याकडे स्प्लिटपेक्षा विंडोच बरा असं माझं स्पष्ट मत आहे, आवाज करतो मान्य, पण भोक नाही पाइप नाही, काढून नेला धुऊन आणला बसवला. खाडीची हवा आणि मागून नाला, आमच्या बिल्डिंगमध्ये स्प्लिटच्या कॉइल बघता बघता लीक होतात. नाल्याच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याने तांबं काळं पडतं आणि बारीक भोकं पडतात. आमच्या हॉलच्या स्प्लिटची कॉइल काढली तेव्हा पाइपाचे वाकलेले भाग चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखे काळे होते आणि मेकॅनिक मात्र दरवर्षी येऊन "गॅस कमी झालाय ताई" म्हणून भरून जायचा. आता विचारते, गॅस कमी होईल कसा, बंद पाइपात आहे तो, लीक असल्याशिवाय कमी व्हायचा प्रश्नच नाही.

कासारवडवलीला तुमच्या आसपास उघडा नाला असेल तर ब्रँड कुठला याआधी कोटिंगवाली कॉइल आहे का आणि कॉइलवर वॉरंटी किती ते विचारा. कॉम्प्रेसरला दहा वर्षं असं मोठ्या अक्षरात लिहितात, कॉइलचं बारीक अक्षरात असतं.

फुकट_सल्लागार

आईला सोसत नाही बाबांना १८ पाहिजे, दोघांना दोन खोल्या द्या आणि तुम्ही हॉलमध्ये पंख्याखाली झोपा. एक एसी वाचला, कट्ट्याचाही प्रश्न सुटला.

गेज_मीटर

एसीच्या लाइनमध्येच काम करतो, ठाणे ते पनवेल. वरचे सल्ले बरोबर आहेत पण टन आणि स्टार नंतर, आधी जागा. चांगली मशिनं वाईट जागी बसवून बोंब मारणारे गिऱ्हाईक रोज भेटतात.

पहिली गोष्ट तुमचा टॉवर बहुतेक मायवानचा असणार, घोडबंदरचे नवीन टॉवर बरेचसे तसेच आहेत. म्हणजे विटांची भिंत नाही, सगळं काँक्रीट आणि आत सळया. तिथे मनाला येईल तिथे कोअर कटिंग, म्हणजे मशिनने गोल भोक, करता येत नाही, परवानगी लागते आणि लागायलाच हवी. बिल्डरने ओतकामाच्या वेळीच पाइपासाठी स्लीव्ह, म्हणजे भिंतीत आरपार नळ्या, सोडलेल्या असतात, कधी प्लास्टरखाली झाकल्या जातात. साइट ऑफिसात जाऊन एसीचा ड्रॉइंग मागा, त्यात स्लीव्ह कुठे, ड्रेनचा पॉइंट कुठे आणि आउटडोअरला किती जागा धरल्यात ते कळेल. बऱ्याच वेळा मास्टरच्या टॉयलेटच्या बाजूला डक्टमध्ये (पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीत) एक जागा असते आणि सेल्सवाल्यालाच ते माहीत नसतं.

आता कट्टा. पुढे लूव्हर्स आहेत म्हणालात ना, पात्या खाली झुकलेल्या आणि जवळजवळ असतील तर आउटडोअर गरम हवा पुढे फेकतो, ती पात्यांना आपटून मागे येते आणि तोच परत ती ओढतो. बाहेर ३५ असताना कट्ट्यावर ४५ च्या वर जातं, मशीन वीज खातं आणि आत गार होत नाही, मग गिऱ्हाईक म्हणतं कंपनी बोगस. युनिट लूव्हर्सच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या, समोरच्या पात्या सरळ किंवा विरळ करायची सोसायटीकडून लेखी परवानगी घ्या. दोन युनिट एकावर एक चालतात, पण स्टँड जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, घ्या. आणि तिथे माणूस उभा राहून काम करू शकेल एवढी वाट ठेवा, आमची पोरं चौदाव्या मजल्यावर बेल्ट लावून लटकतात, खिडकीच्या ग्रिलला उघडणारा दरवाजा नसेल तर सर्व्हिसला कोणी येणार नाही, आलं तरी येऊ देऊ नका.

मल्टी स्प्लिट वाईट नाही, जागा खरंच नसेल तर तोच उपाय. पण तीन वेगळ्या स्प्लिटपेक्षा महाग, दीड लाखात बसणं अवघड, आउटडोअरचं बोर्ड गेलं की मे महिन्यात तिन्ही खोल्या एकदम बंद, आणि प्रत्येक गल्लीतला मेकॅनिक त्याला हात लावत नाही. व्हीआरएफ टू बीएचकेला कशाला, मोठ्या फ्लॅटला, बंगल्याला ठीक.

मल्टी घेतलात तर पश्चिमेच्या मास्टरपर्यंत पाइप अख्ख्या घरातून फॉल्स सीलिंगमधून जाणार. तांब्याचं जमतं, मॅन्युअलमध्ये लांबीची मर्यादा असते तेवढी पाळली की झालं. खरी गोची ड्रेनची. पाण्याला उतार पाहिजे, एवढ्या लांब उतार दिला तर सीलिंग किती खाली येईल बघा, नाही दिला तर पहिल्या पावसाळ्यात पीओपीवर पिवळे डाग.

बसवताना व्हॅक्यूम पंप लावूनच घ्या, गॅस सोडून पाइपातली हवा हाकलणाऱ्याला हाकला. नवीन एसीत असतो तो आर ३२ थोडा पेट घेणारा गॅस आहे आणि पाइपात ओल राहिली की कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. पाइप जोडायच्या फ्लेअर नटवर साबणाचं पाणी तुमच्यासमोर लावायला सांगा.

वायरमन_काका

सगळे एसीवर बोलले, मीटरवर कोणीच नाही. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो आधी वाचा. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात दीड पावणेदोन किलोवॅट घेतो, तीन एसी, गीझर, इंडक्शन एकत्र आले की सिंगल फेजवर रोज संध्याकाळी एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) पडणार. आधी भार वाढवा, लागलं तर थ्री फेज करून घ्या. प्रत्येक एसीला डीबीपासून (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीपासून) वेगळी ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, वेगळी २० अँपिअरची एमसीबी, गीझरच्या लाइनवर जोड नको. अर्थिंग तपासून घ्या, नवीन बिल्डिंग आहे म्हणून असेलच असं धरू नका.

आणि बाबांना सांगा रिमोटवर १८ लावल्याने लवकर गार होत नाही, फक्त जास्त वेळ चालतो. नवीन एसी चालू केले की २४ वर सुरू होतात तो सरकारी नियमच आहे, तिथेच ठेवून पंखा लावायचा. ३०० युनिट ओलांडले की दर कसा उडी मारतो ते बिलात दिसेलच त्यांना.

कासारवडवलीकर

सगळ्यांचे आभार. साइट ऑफिसात जाऊन आलो, गेज_मीटर दादा म्हणाले तसंच निघालं. मास्टरच्या टॉयलेटच्या डक्टमध्ये कट्टा आहे आणि स्लीव्ह पण आहे, प्लास्टरखाली. म्हणजे मास्टरचं तिथे, हॉल आणि आईबाबांचं ड्राय बाल्कनीत. मंजूर भार ५ किलोवॅट सिंगल फेज निघाला, तो अर्ज करतोय. फक्त डक्टमध्ये खालच्या तेरा मजल्यांचे आउटडोअर येतील त्याचं काय?

गेज_मीटर

चारी बाजूंनी बंद असेल तर खालची गरम हवा वर चढते, वरच्या मजल्यांना त्रास होतो. एक बाजू उघडी असेल तर युनिटचं तोंड तिकडे करा, भिंतीकडे नको, मग काही होत नाही. बंदच असेल तर त्या खोलीला स्टार कमी चालेल पण कपॅसिटीत कंजुषी करू नका. आईबाबांच्या खोलीचा ड्रेन हॉलमधून नेणार असाल तर पीओपीवाल्याला सीलिंग बंद करू देऊ नका, इनडोअरच्या ट्रेमध्ये तांब्या तांब्याने बादलीभर पाणी ओता आणि दुसऱ्या टोकाला तेवढंच येतंय का बघा. तुंबलं तर आत्ताच उतार बदलून घ्या.