कोंबडीने मोठा झालेला बँड? ॲलिस कूपर, १९६४ ते १९७४

तिसरी घंटा
परवा 'फक्त सूर' यांनी इथे लिहिलं: "ॲलिस कूपर म्हणजे साप, फास आणि एक मेलेली कोंबडी. गाता येत नव्हतं म्हणून गळ्यात साप घातला. मॅनेजरने विकलेला माल." खाली अंगठ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

त्या काळात ॲलिस कूपर हे माणसाचं नाव नव्हतं, एका अमेरिकन रॉक बँडचं होतं. गायक व्हिन्सेंट फर्निअर, गिटारला ग्लेन बक्स्टन आणि मायकेल ब्रूस, बेसला डेनिस डनवे, ड्रम्सला नील स्मिथ. त्यातले तिघं फीनिक्सच्या कॉर्टेझ हायस्कूलचे. १९६४ साली शाळेच्या कार्यक्रमात बीटल्सची नक्कल करायला उभे राहिले आणि मग थांबलेच नाहीत. आधी 'स्पायडर्स', मग 'नाझ'. टॉड रंडग्रेनच्या बँडचंही तेच नाव निघालं, म्हणून १९६८ मध्ये ॲलिस कूपर. कोंबडीचा प्रकार, म्हणजे मंचावरून जिवंत कोंबडी गर्दीत फेकली आणि गर्दीने ती फाडली तो, सप्टेंबर १९६९ चा, टोरंटोचा. म्हणजे पाच वर्षं हे लोक वाजवतच होते.

लॉस एंजेलिसमध्ये लोक यांचं वाजवणं ऐकून हॉल सोडून जायचे. त्यांचा मॅनेजर शेप गॉर्डन, त्याने यांना घेतलं ते हॉल रिकामा होताना बघूनच. एवढ्या माणसांना एकाच वेळी उठवतात म्हणजे यांच्यात काहीतरी आहे, असा त्याचा हिशेब. संगीतकार फ्रँक झॅपाने आपल्या कंपनीतून दोन रेकॉर्ड काढल्या, दोन्ही पडल्या. तेव्हाही बायकी कपडे होते, रंगवलेले डोळे होते, धिंगाणा होता. धक्क्यानेच माणूस मोठा होत असता तर तेव्हाच झाले असते!

झाले कधी? १९७० मध्ये मिशिगनला गेले, पॉन्टिॲकजवळच्या एका फार्मवर राहिले, आणि कॅनडाहून बॉब एझ्रिन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा निर्माता म्हणून येऊन बसला. रोज दहा-दहा तास तालीम. आठ मिनिटांचं भरकटलेलं वाजवणं कापून त्याने तीन मिनिटांचं 'आय ॲम एटीन' काढलं. ते १९७१ मध्ये अमेरिकेच्या यादीत २१ व्या क्रमांकावर गेलं, आणि त्या गाण्याच्या यशावरच वॉर्नर या कंपनीने पूर्ण रेकॉर्डला होकार दिला. त्याच वर्षी 'लव्ह इट टू डेथ' आणि 'किलर', १९७२ मध्ये 'स्कूल्स आउट', १९७३ मध्ये 'बिलियन डॉलर बेबीज', जी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर होती. अडीच वर्षांत चार रेकॉर्ड, आणि मधल्या काळात सतत दौरे. हे कोंबडीचं काम नाही.

मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते. यांच्या कार्यक्रमात गायकाला खोटं खोटं फासावर चढवत. असा फाशीचा प्रसंग रोज नव्या गावात, नव्या मंचावर, ठरलेल्या ठोक्यावर घडवायचा म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. ठोका चुकला तर माणसाच्या जिवावर बेततं. त्या चौघांनी ठोका धरला, म्हणून पाचवा रोज फासावरून सुखरूप उतरला.

फक्त सूर
नाव घेऊन लिहिलंत, बरं केलंत. आता उत्तर ऐका.

तुमच्याच माहितीवरून माझा मुद्दा सिद्ध होतो. पाच वर्षं वाजवून काय हाती लागलं? पहिली रेकॉर्ड अमेरिकेच्या यादीत १९३ वर. गाणी आली एझ्रिनमुळे. मास्तर बदलल्यावर मुलगा पास झाला तर श्रेय मास्तरांचं. एझ्रिनने पुढे पिंक फ्लॉइड या बँडबरोबर 'द वॉल' केली ते सगळ्यांना माहीत आहे. हे पाच जण त्याच्याशिवाय काय होते?

आणि गॉर्डनचं काय? कोंबडी मीच मंचावर सोडली, असं तो स्वतः सांगतो. १९७२ मध्ये वेम्बलीची तिकिटं खपेनात, तर ॲलिसच्या उघड्यावाघड्या फोटोचा, अंगावर फक्त साप असलेला फलक ट्रकवर लावला आणि तो ट्रक ऐन पिकॅडिली सर्कसमध्ये 'बंद' पाडला. लंडनची वाहतूक ठप्प, पेपरांत बातम्या, हॉल भरला. याला संगीत म्हणायचं? मी अठरा वर्षांचा असल्यापासून रोज पहाटे खर्ज लावतोय. माझ्यासाठी कुणी ट्रक बंद पाडला नाही.

रंगभवन ८६
टोरंटोचा विषय निघालाच आहे तर पूर्ण सांगा की. त्याच दिवशी, त्याच मंचावर जीन व्हिन्सेंटला साथ कुणी केली? ॲलिस कूपरनेच. पन्नाशीच्या दशकातला रॉक अँड रोलवाला, त्याची गाणी सरळ ठोक्यात, सरळ सुरात वाजवावी लागतात. बीटल्सचा लेननही त्या दिवशी तिथे होता. वाजवता न येणाऱ्या पोरांना तिथे कोण उभं करेल?

आमच्या पिढीने हे सगळं धोबी तलावच्या रंगभवनात दुसऱ्यांच्या हातून ऐकलं. मुंबईतले बँड 'स्कूल्स आउट' वाजवायचे आणि ती सुरुवातीची गिटार दहापैकी आठ जणांची चुकायची. दिसते सोपी. ती बक्स्टनची आहे. सापाची नाही, गॉर्डनची नाही, एझ्रिनचीही नाही.

फक्त सूर
जीन व्हिन्सेंटचा मुद्दा मान्य. साथ करता येत होती. मग स्वतःच्या रेकॉर्डवर आधी का नाही केली?

दोन मुलांची आई
तुम्ही सगळे सूर-ताल करत बसलात. जिवंत कोंबडी गर्दीत फेकली आणि गर्दीने तिच्या चिंध्या केल्या. त्यावर बँड मोठा झाला. याची कुणाला शरम वाटत नाही? पुढे तर बाहुल्यांची डोकी उडवली, मेलेल्या बाळांवर गाणं केलं. समोर बारा-तेरा वर्षांची मुलं. ब्रिटनमध्ये खासदार लिओ ॲब्सीने यांना देशात येऊ देऊ नका म्हटलं, टीव्हीवरच्या असभ्यतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउसबाईंनी बीबीसीशी भांडण मांडलं. त्यांना सनातनी म्हणून हिणवणं सोपं आहे. मला त्यांची बाजू कळते.

रंगभवन ८६
ताई, कोंबडीबद्दल काहीच म्हणत नाही, तो प्रकार वाईटच. पण ते बाळाचं गाणं शब्द लावून ऐका. आईबाप आपल्याच नादात, घरात लेकराकडे कुणाचं लक्ष नाही, ते ॲस्पिरिनच्या गोळ्या खातं आणि मरतं. गाणं बाळावर हसत नाही, आईबापांवर बोट ठेवतं. आणि प्रत्येक प्रयोगात शेवटी त्या दुष्टाला शिक्षा होते. १९७१ च्या दौऱ्यात आधी विजेची खुर्ची, मग फास, १९७३ मध्ये गिलोटिन. ते गिलोटिन जेम्स रँडी या जादूगाराने बनवलं होतं, आणि जल्लाद म्हणून मंचावर तोच उभा राहायचा. कीर्तनात राक्षस मारतात तेव्हा आपण लेकरांचे डोळे झाकतो का?

दोन मुलांची आई
कीर्तनकार राक्षसाच्या नावाने स्वतःची तिकिटं विकत नाही. गाण्याचा अर्थ तुम्ही म्हणता तसा असेल, ऐकेन. पण तेरा वर्षांचं पोर अर्थ ऐकायला जात नाही, डोकं उडताना बघायला जातं. तुम्हीही तेच बघायला जात होतात.

बेसवाला सांगली
अवांतर होईल, होऊ दे. 'तिसरी घंटा' यांनी पाच नावं लिहिली म्हणून बोलतोय. दहा जणांना विचारा, ॲलिस कूपर कोण? दहाही त्या एकाचंच नाव घेतील. व्हिन्सेंटने ते नाव पुढे कायद्याने स्वतःचं करून घेतलं. १९७५ पासून मंचावर तोच ॲलिस कूपर, मागे नवे वादक. 'किलर'मध्ये डनवेचा बेस ऐका. गाणं बेसवर चालतं, गिटार नुसती वर तरंगते. ब्रूस नसता तर निम्मी गाणी नसती. डोळे रंगवलेला तो एकच लक्षात राहिला.

मी अकरावीपासून ऑर्केस्ट्रात आहे. गणपतीच्या दिवसांत रात्री दोनला कार्यक्रम संपतो, पहाटे टेम्पोत सामान चढवायचं, दुपारी पुढचं गाव. बॅनरवर गायकाचा फोटो, गायकाचं नाव, खाली 'आणि सहकलाकार'. एका मोठ्या गायकाबरोबर चार हंगाम काढले, त्याच्या कॅसेटवर माझा बेस आहे, आतल्या कागदावर माझं नाव नाही. मुलीला दाखवायला काही नाही माझ्याकडे.

फक्त सूर
साथीदाराने साथ करावी. लोक तिकीट काढतात ते गाणाऱ्यासाठी. हा अन्याय नाही, ही रीत आहे. प्रत्येकाला फलकावर नाव हवं असेल तर प्रत्येकाने समोर येऊन गावं.

बेसवाला सांगली
तुमच्या मागे तबल्याला जो बसतो त्याला हे तोंडावर सांगा. उद्याच्या बैठकीत सांगा. तो उठून गेला की तुमचा खर्ज किती वेळ टिकतो ते कळवा इथे.

फक्त सूर
भाषा सांभाळा. माझा तबलजी माझ्या घरी जेवतो.

बेसवाला सांगली
जेवण नको हो. नाव द्या.

तिसरी घंटा
बेसवाले दादा, तुमच्या बाजूने लिहिते. आमच्याकडेही जाहिरातीत प्रकाशयोजनेचं नाव बसलं तर बसलं. पण या बँडची गोष्ट तुम्ही सांगता तेवढी सरळ नाही. 'स्कूल्स आउट' गाण्याचं श्रेय पाचही जणांच्या नावावर आहे. आणि बक्स्टन शेवटी शेवटी वाजवण्याच्या अवस्थेत राहिला नव्हता. 'बिलियन डॉलर बेबीज'वर बरीच गिटार डिक वॅग्नर आणि स्टीव्ह हंटर यांची आहे. दौऱ्यावर मिक मॅशबर हा जास्तीचा गिटारवाला घ्यावा लागला. त्यांची नावं तरी कुणाला ठाऊक आहेत? म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही भांडताय, त्यांच्याही मागे कुणीतरी उभं होतं.

बेसवाला सांगली
हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच जास्त लागतं. बक्स्टन आजारी का पडला? १९७३ च्या दौऱ्यात साठेक शहरं, तीन-चार महिने, शेपटीवर डॉलरचं चिन्ह रंगवलेलं विमान, रोज हॉटेल, रोज दारू. तुम्ही वर अभिमानाने लिहिलंत, अडीच वर्षांत चार रेकॉर्ड आणि सतत दौरे. त्याची किंमत कुणी दिली? दौऱ्याने बँड मोठा झाला हे खरं, आणि दौऱ्यानेच तो मोडला हेही खरं. १९७३ संपता संपता 'मसल ऑफ लव्ह' आली, त्यावर एझ्रिनही नव्हता, आणि पुढच्या वर्षात सगळं संपलं. ब्रूस, डनवे आणि स्मिथ यांनी १९७७ मध्ये वेगळी रेकॉर्ड काढली, कुणी विचारलं नाही. कारण नाव गेलं होतं.

फक्त सूर
शेवटी नावच चाललं ना, गाणं नाही? परवा मी दुसरं काय लिहिलं होतं?

मिशिगनची सून
वाचत होते, आता लिहितेच. मी पॉन्टिॲकपासून वीस मिनिटांवर राहते. इथले जुने लोक या बँडबद्दल बोलतात ते सापाबद्दल नाही. माझे शेजारी सत्तरी ओलांडलेले, गाड्यांच्या कारखान्यात आयुष्य गेलं. ते म्हणतात, कॅलिफोर्नियाने हाकललेल्या पोरांना आम्ही घेतलं, कारण ती आमच्यासारखी जोरात वाजवायची. एमसी फाइव्ह, स्टूजेस हे बँड इथलेच. त्यांच्यासमोर कच्चं वाजवणाऱ्याची खैर नसे. 'आय ॲम एटीन' पहिल्यांदा गाजलं तेही नदीपलीकडच्या, कॅनडातल्या विंडसरच्या सीकेएलडब्ल्यू रेडिओवरून. रेडिओवर साप दिसत नाही, 'फक्त सूर'. कारखान्यातून सुटलेल्या पोरांनी गाडीत नुसतं गाणं ऐकलं आणि रेडिओला फोन केले.

फक्त सूर
रेडिओचा मुद्दा मी धरला नव्हता. त्या एका गाण्यापुरतं मागे घेतो: ते कानाने चाललं. बाकीचं डोळ्यांनी चाललं यावर मी ठाम आहे. 'स्कूल्स आउट'ची रेकॉर्ड कागदी चड्डीत गुंडाळून विकली होती, विसरू नका.

रंगभवन ८६
चड्डी विकत घेतली असेल, पण ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर ते गाणं होतं, वेष्टण नाही. शाळा सुटल्याचा आनंद साडेतीन मिनिटांत मावलाय. जगातल्या कुठल्याही पोराला तो कळतो.

दोन मुलांची आई
माझ्या धाकट्याने काल ते लावलं होतं. गाणं चांगलं आहे. गिलोटिनचं मत तेच.

तिसरी घंटा
बेसवाले दादा, एक राहिलं. २०११ मध्ये रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये पाचांचा बँड घेतला, एकटा व्हिन्सेंट नाही. त्याच वर्षीच्या आणि २०१७ च्या त्याच्या रेकॉर्डवर डनवे, स्मिथ, ब्रूस वाजवून गेले. आणि जुलै २०२५ मध्ये चौघांची पूर्ण रेकॉर्ड आली, एझ्रिनच निर्माता, बक्स्टनची जुनी गिटारही एका गाण्यात घेतली.

बेसवाला सांगली
बक्स्टन १९९७ लाच गेला. आणि मधली वर्षं ते तिघं आले ते पाहुणे म्हणून. स्वतः उभ्या केलेल्या बँडच्या नावावर पाहुणे. तरीही २०२५ चं ऐकलंय, डनवेचा हात अजून तसाच आहे. चांगलं झालं, उशिरा झालं.

या गणपतीला आमच्या मंडळाच्या पत्रिकेत आठही वादकांची नावं छापायला लावणार आहे. नाही छापली तर बेस घरी. 'फक्त सूर', तुमच्या तबलजींचं नाव तुम्ही इथे अजून लिहिलेलं नाही.