एका आकड्यावरून जठराच्या कॅन्सरचं भविष्य सांगणाऱ्यांना

परीक्षानळी: काल एकाने ठासून लिहिलं, की रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंचा पेशींवर पडणारा ताण) मोजला की जठराच्या कॅन्सरचा पेशंट किती तग धरेल ते कळतं, तेव्हा प्रत्येकाची ही टेस्ट कराच. वाचून रात्री झोप लागली नाही. 22 वर्षं लॅबमध्ये आहे मी. एमडीए, म्हणजे या स्ट्रेसने पेशींतली चरबी खराब झाली की तयार होणारा पदार्थ, तो मोजायची थिओबार्बिट्युरिक अ‍ॅसिडची पद्धत फक्त एमडीएलाच रंग देत नाही, साखर आणि बिलिरुबिनही लुडबुड करतात. रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटल्या, सीरम गुलाबी उतरलं, की निकाल बिघडलाच. सिगारेट ओढणाऱ्याचा स्ट्रेस तसाही जास्त. यावर कुणाच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा?

रानपाखरू: ताई, टेस्ट कच्ची म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूमुळे जठर वर्षानुवर्षं सुजलेलं राहतं, डीएनएला इजा होत राहते. 8-ओएचडीजी ही त्याच इजेची खूण. एकाच स्टेजचे दोन पेशंट, एक वर्षात जातो, दुसरा दहा वर्षं जगतो. गाठ, लसिकाग्रंथी आणि पसार बघून स्टेज ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीकडे याचं उत्तर आहे का?

परीक्षानळी: एच. पायलोरी कॅन्सरला कारण होतो हे 1994 पासून मान्य आहे. कारण वेगळं, भाकीत वेगळं! अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), बिलिरुबिन, क्रिएटिनिन अशा नेहमीच्या रक्ततपासण्यांचे आकडे एकत्र करून ऑक्सिडेटिव्ह स्कोअर काढतात. ज्याला घास उतरत नाही, अंगात सूज आहे, त्याचं अल्ब्युमिन खालीच जाणार.

सावरी: ऑक्सिडेटिव्ह हा शब्द ऐकला की तिडीक जाते. बाबांच्या केमोत ओळखीच्या एकाने असाच रिपोर्ट पुढे करून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या गळ्यात मारल्या, वर डॉक्टरांना सांगू नका म्हणाला.

उंबरठा: गोळ्यांना नावं ठेवू नका. व्हिटॅमिन सीने माझ्या आईला तरतरी आली, डोळ्यांनी पाहिलंय.

सावरी: तरतरी म्हणजे पुरावा नव्हे. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिलं, फुप्फुसाचा कॅन्सर वाढला. दुसऱ्या एका चाचणीत व्हिटॅमिन ईने प्रोस्टेटचा वाढला.

उंबरठा: जठराचं बोला ना! चीनमधल्या लिनशियानच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम घेणाऱ्यांत जठराच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले. ते बरं लपवलंत.

सावरी: लपवलं नाही. तिथल्या लोकांच्या आहारातच या गोष्टींची कमतरता होती, आणि ते कॅन्सर होण्याआधी देत होते. माझे बाबा केमोवर होते! आईच्या नावाने दुसऱ्यांच्या जिवाशी खेळू नका.

उंबरठा: माझ्या आईला मध्ये आणायचं काम नाही. केमो चालू असताना डॉक्टरांना विचारून घ्यावं, एवढंच मान्य.

रानपाखरू: गोळ्या पुरे. ताई, स्टेज, अल्ब्युमिन, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) सगळं धरूनही 8-ओएचडीजी काही वेगळं सांगत असेल तर?

परीक्षानळी: आधीच्या फायली चाळून नव्हे, नव्या पेशंटवर, दोन-तीन लॅबमध्ये तोच निकाल आला तर शब्द मागे घेईन. तोवर नाही.

सावरी: बाबांच्या ऑपरेशननंतरच्या बायोप्सी रिपोर्टात 9च लसिकाग्रंथी तपासलेल्या होत्या. स्टेज नीट ठरायला किमान 16 हव्यात, हे मला फार उशिरा कळलं. घरात कुणी त्या ओळीवर बोट ठेवलं नाही. आम्ही सगळे स्ट्रेसचा आकडा खाली आला का तेच बघत बसलो होतो.