गोल जाळं दिसलं की अ‍ॅरानिडीच, असं नाही

वरच्या पोस्टमध्ये एका कोळ्याचं वर्णन देऊन म्हटलंय की आडवं, चाकासारखं जाळं विणणारा घरातला छोटा कोळी अ‍ॅरानिडी कुळातलाच असणार. नाही हो, वर्णनावरून हा युलोबोरिडी या दुसऱ्या कुळातल्या झोसिस प्रजातीचा वाटतो. हे कूळ थोरेल या कोळी-अभ्यासकाने १८६९ मध्येच वेगळं काढलंय. अ‍ॅरानिडीचं जाळं चिकट थेंबांवर चालतं. याच्याकडे चिकटा नाहीच. धागा निघतो त्याच्या पुढे चाळणीसारखी पट्टी असते, तिच्यातले अतिबारीक तंतू चौथ्या पायावरच्या केसांच्या फणीने पिंजून काढतो. विषग्रंथीही नाहीत, भक्ष्य नुसतं गुंडाळून आवळतो! २०१४ च्या जनुकीय अभ्यासांत तर हे कूळ अ‍ॅरानिडीपेक्षा लांडगा-कोळी, उडी-कोळी यांच्या जवळचं निघालं. त्यामुळे उत्क्रांतीत गोल जाळं एकदाच उगम पावलं की दोनदा, हा वाद अजून चालूच आहे. फोटो असेल तर टाका, ती चाळणीसारखी पट्टी दिसावी म्हणून पोटाच्या बाजूने काढलेला.