जुन्या ट्रकच्या एअरबॅगचा दिवा: हे काम घरी करावं का?

चाकोरी:
माझी पिकअप एकोणीस वर्षांची. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा सहा-सात सेकंद लागून विझायला हवा. माझा दोन महिने विझतच नव्हता. गॅरेजवाल्याने गाडीला हात न लावता निदान केलं: मॉड्यूल (एअरबॅग सांभाळणारा कंट्रोल बॉक्स) गेलं, नवं घाला. शेवटी मीच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि ड्रायव्हर सीटखाली वाकून पाहिलं. एअरबॅगच्या वायरचा पिवळा कपलर (जोडणीचा प्लग) धुळीने माखलेला आणि सैल. साफ करून घट्ट बसवला, दिवा गेला. खर्च शून्य. जुन्या गाडीत सीट मागेपुढे करून ही वायर ओढली जातेच. एअरबॅग म्हटलं की आपण उगाच घाबरतो. ज्याला पाना धरता येतो त्याने हे घरीच करावं.

पिवळी_वायर:
साफ असहमत. वायरला पिवळा रंग दिलाय तोच मुळी जपून हात लावावा म्हणून. बॅटरी काढून किती वेळ थांबलात? अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी यासाठी मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राखलेला असतो. कुठे दीड मिनिट थांबायचं, कुठे दहा, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावं लागतं. उद्या तुमचं वाचून कोणी बॅगेच्या तारांना मल्टिमीटर लावेल. रेझिस्टन्स मोजताना मीटर स्वतः करंट सोडतो, तेवढ्यानेही बॅग उडू शकते. आणि मॉड्यूलने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचलात का?

चाकोरी:
पंधरा मिनिटं थांबलो होतो. कोड नाही वाचला, माझा स्कॅनर फक्त इंजिनाचे दाखवतो.

पिवळी_वायर:
स्वस्तातले तेवढंच दाखवतात. एअरबॅगचे कोड वाचणारा वेगळा लागतो. तुमचा तो अंधारात मारलेला दगड होता.

भंगारातलं_सोनं:
एवढा काथ्याकूट कशाला? बॅगेच्या जागी एक रेझिस्टर टाकायचा, मॉड्यूलला वाटतं बॅग आहे, दिवा बंद. एकोणीस वर्षांच्या ट्रकवर कोण पैसे घालतं? पट्टा लावतोच की आपण.

तिरपा_डोळा:
कपाळावर हात मारला. धक्का बसताच तो पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर बहुतेक गाड्यांत त्याच मॉड्यूलवर चालतो. दिवा लागलेला असताना तोही बंद असू शकतो. आणि असा ट्रक विकलात तर घेणाऱ्याला कळणार कसं?

घरी काम करायला माझी ना नाही. कपलर साफ करा, बॅटरीचा व्होल्टेज बघा, कमकुवत बॅटरीनेही दिवा लागतो. काही जुन्या सिंगल केबिन पिकअपमध्ये शेजारच्या सीटची बॅग बंद करायला किल्लीचा स्विच असतो. त्याचा 'ऑफ' दिवा बिघाड समजून डॅशबोर्ड खोलून बसलेले महाभाग मी पाहिलेत!

पण दिवा विझला म्हणजे बॅग शाबूत, असंही नाही. टकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (बॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत गेलं, मग बॅग उघडताना इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे उडाले. २००६ च्या काही रेंजर पिकअपच्या मालकांना फोर्डने २०१८ मध्ये गाडी चालवूच नका म्हणून कळवलं. हा दोष दिवा दाखवत नाही. चॅसी नंबर टाकून रिकॉल (सदोष भागासाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) आहे का बघा.

चाकोरी:
बघितलं, माझ्या गाडीला नाही. पण एक सांगायचं राहिलं. आज स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं आणि दिवा परत लागला. हॉर्नही मुका.

पिवळी_वायर:
क्लॉक स्प्रिंग! स्टिअरिंगच्या चाकामागे गुंडाळलेली रिबन असते, बॅगेच्या आणि हॉर्नच्या तारा तिच्यातूनच जातात. मध्यंतरी स्टिअरिंगचं काम केलंत का? जोडताना ती मधोमध बसली नाही तर एका बाजूला ताणून तुटते. कपलर बिचारा निर्दोष.

चाकोरी:
हो, स्टिअरिंगचा रॅक बदलला होता. आठवड्याभरात दिवा लागला. गॅरेज तेच, मॉड्यूल घाला म्हणणारं.

तिरपा_डोळा:
वा. मग आता?

चाकोरी:
कोड दुसरीकडे वाचून घेतो. स्प्रिंग मात्र मीच बदलणार.

पिवळी_वायर:
ऐकणार नाहीच तुम्ही. निदान उतरवलेली बॅग झाकणाची बाजू वर करून ठेवा, पालथी नको. आणि तिच्यावर वाकून काही शोधत बसू नका.